आसनाची दुहेरी शिलाई

शिवणकामात सगळ्यात अवघड काय, असं मला विचारणारे लोक उत्तर मनात ठरवूनच आलेले असतात. त्यांना सुटाचा कोट ऐकायचा असतो. मी सांगतो, कबड्डीची हाफपँट. मग ते हसतात आणि मला राग येतो. कोट घालून माणूस लग्नात उभा राहतो, फार तर वाकून कुणाच्या तरी पाया पडतो. कबड्डीची हाफपँट घालून माणूस उकिडवा बसतो, उडी मारतो, मागच्या मागे लाथ फेकतो, आणि मग सात जण मिळून त्याला मातीत लोळवतात. नियमाप्रमाणे कपड्याला धरायचं नसतं, अंगालाच धरायचं. पण घामाने हात सुटला की जे हाताला लागेल ते धरलं जातं. एवढं सगळं होऊन तो माणूस लाज राखून घरी गेला पाहिजे, ही जबाबदारी शिंप्याची.

पँटचे दोन पाय जिथे एकत्र येतात त्या भागाला आमच्या धंद्यात आसन म्हणतात. सगळा ताण तिथे येतो. हे मी शिकलो ते बबनमुळे. बबन आमच्या गावच्या संघाचा कप्तान. हनुमान जयंतीच्या स्पर्धेत, सगळं गाव बघत असताना, त्याच्या पँटचं आसन भर चढाईत उसवलं. पँट मी शिवलेली नव्हती, हे इथे स्पष्ट करतो. बबन गडी मारून परत आला, पण उभा राहीना. शेवटी पंचांच्या टेबलावरचं कापड गुंडाळून त्याला बाहेर नेलं. सामना आम्ही जिंकलो, ढालही मिळाली, पण पुढे कितीतरी दिवस गावातल्या बायका बबन दिसला की पदर तोंडाला लावायच्या. त्यानंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, आजपासून संघाच्या पँटी तुझ्याकडं. आसन फाटलं तर तुझी मशीन हिरीत टाकीन." तेव्हापासून मी आसनाला दुहेरी शिलाई मारत आलो, तीही नायलॉनच्या दोऱ्याने.

आमचं गाव वाडा रोडला, अंबाडीच्या अलीकडे. दुकान मात्र भिवंडीत, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. एका बाजूला रहमतचाचांची चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला पॉवरलूमचा कारखाना. लूम चालू असले की माझ्या टेबलावरच्या टाचण्या आपोआप एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या. त्या आवाजात आम्हा सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय. बाहेरगावचा माणूस आला की त्याला वाटायचं भांडण चाललंय. पण खरी गंमत अशी, की लूम चालू असताना ओरडून बोललेलं दुकानाबाहेर कुणालाच ऐकू जात नाही. त्यामुळे गुप्त गोष्टी लूम चालू असताना बोलायच्या आणि शुक्रवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीला, फक्त हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, हा आमच्या गल्लीचा अलिखित नियम होता.

बबन त्याच शेजारच्या कारखान्यात मुकादम होता. पुढे त्याचा गुडघा गेला आणि तो मैदानाबाहेर बसला. त्याच्या बरोबरचे गडीही एकेक करून पोट सुटून, नोकरी लागून किंवा नुसतेच कंटाळून गळाले. त्या साली, म्हणजे ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल, आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. पुढच्या साली पुन्हा. मारुतीच्या देवळात ढाल टांगायचा खिळा होता. जिंकणाऱ्या गावाने ती वर्षभर आपल्या देवळात ठेवायची अशी पद्धत. तो खिळा रिकामा राहिला. बबन रोज सकाळी ड्युटीवर येताना देवळात जायचा आणि मारुतीच्या आधी खिळ्याकडे बघायचा. हे त्याने मला स्वतः सांगितलं. लोकांना ढाल म्हणजे पितळेचा पत्रा वाटेल. बबनला ती परत यायला हवी होती, बस्स. त्याच्या आयुष्यात त्याने एवढीच एक गोष्ट स्वतः मिळवली होती.

मग संघ नव्याने बांधायची चर्चा माझ्या दुकानात सुरू झाली. बबन, शाळेतले विनायक गुरुजी आणि येणारे-जाणारे. गुरुजी आयुष्यात एकदाही मैदानात उतरले नव्हते, पण तालुक्यातला कुठला गडी कुठल्या पायाने लाथ मारतो हे त्यांना पाठ होतं. त्यांनी माझ्या कटिंगच्या टेबलावर खडूने मैदान आखलं आणि माझी दोऱ्याची रिळं मांडली. काळं रीळ म्हणजे आमचा डावा कोपरा, हरी. तो खरोखर चांगला होता. चढाई करणाऱ्याचा घोटा धरला की सोडायचा नाही. बाकीची रिळं रोज बदलायची. हे पांढरं काढा, दमात कमी आहे. हे हिरवं मधे घ्या. हे दोन जाडे देऊन पलीकडच्या गावाचा एक बारीक घ्या. एकदा एक बाई साडीला फॉल लावायला आल्या आणि मला केशरी रीळ सापडेना. ते गुरुजींच्या खिशात होतं. म्हणाले, त्याला अजून संघात घ्यायचा की नाही ते ठरत नाहीये.

केशरी रीळ म्हणजे जनार्दन. खाडीकाठच्या, काल्हेरच्या बाजूच्या एका गावाचा चढाईवाला. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती मंडळी अजून माझ्याकडे कपडे टाकतात. ढाल तेव्हा त्यांच्याकडे होती आणि मुख्यतः जनार्दनमुळे होती. त्याला आणायचं हे सगळ्यांना पटलं, पण आणायचं कसं? पूर्वी कुणीतरी मुंबईहून नोकरदार खेळाडू आणून स्पर्धा जिंकली होती आणि त्यावरून डोकी फुटली होती. तेव्हापासून नियम झाला, की गावाकडून फक्त गावचा माणूस खेळेल. अपवाद एकच, जावई. जावयाला सासरच्या गावाकडून खेळता येईल. हा अपवाद कुणी सुचवला ते आठवत नाही, पण त्याला विरोध झाला नाही. जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही.

तेव्हा संघ बांधायचा तर लग्नं लावायची, असा त्याचा सरळ अर्थ झाला. गुरुजी आणि बबन तालुक्यातले सगळे चांगले गडी आणि गावातल्या सगळ्या उपवर मुली यांच्या जोड्या लावत बसले. एक चढाईवाला फार उत्तम निघाला, पण त्याला दोन मुलं होती. त्या माणसाचं लग्न इतक्या लवकर झाल्याचं गुरुजींना मनापासून वाईट वाटलं. दुसरा पकडीत पक्का होता, पण पीत होता. बबन म्हणाला, मैदानात तर पिऊन येत नाही ना, आणि माझ्या बायकोने आतून कात्री आपटली. रहमतचाचा चहाचे ग्लास ठेवताना बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "मास्टर, ये लोग टीम बना रहे हैं कि बारात?"

बायकांची मापं माझी बायको घ्यायची, दुकानाच्या मागच्या भागात, पडद्याआड. त्या दिवशी आत सुनंदा होती, गोविंदकाकांची मुलगी आणि आमच्या हरीची सख्खी बहीण. बालवाडीत शिकवायची. ती कधी आली हे बाहेरच्यांनी बघितलं नव्हतं. लूम धडधडत होते आणि बबन रिळं हलवत नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होता. तेवढ्यात वीज गेली. भिवंडीत वीज जाणं ही काही बातमी नव्हे. सगळे लूम एकदम थांबले. पण वाक्य अर्ध्यावर असलेल्या माणसाला ते कळायला एक क्षण लागतो, आणि तेवढ्या क्षणात बबनचं उरलेलं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"गोविंदकाकाची सुनंदा त्याला देऊन टाका, म्हंजे जनार्दन आपला."

टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. गुरुजींनी केशरी रीळ मुठीत लपवलं. पडदा सरकला आणि सुनंदा बाहेर आली, गळ्यात मापाची टेप तशीच. बबन तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरलेला. त्याने मान खाली घातली.

"बबनदादा," ती शांतपणे म्हणाली, "आणि मी नाही म्हटलं, तर पंच कोण?"

वीज आली तसा बबन लंगडत कारखान्यात गेला आणि गुरुजींनी रिळं गोळा केली. मला वाटलं विषय संपला. पण दोन दिवसांनी सुनंदा ब्लाउज न्यायला आली तेव्हा माझ्या बायकोला म्हणाली, की रविवारी जनार्दनचा सामना आहे तो तिला बघायचा आहे. मुलगी बघायचा कार्यक्रम आपल्याकडे असतो, हा मुलगा बघायचा कार्यक्रम. त्याला पोहे नाहीत, चहा नाही, आणि बघितलं जातंय हेही माहीत नाही. दोघी बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या. घरी आल्यावर बायकोने मला सगळं सांगितलं. एका चढाईत पंचाने जनार्दनला चक्क चुकीचं बाद दिलं. त्याचे सोबती पंचाला घेराव घालून उभे राहिले, कुणीतरी पंचाची शिट्टी हिसकावून घेतली. जनार्दन मात्र सरळ बाहेर जाऊन बसला, पाणी प्यायला आणि पँटची नाडी घट्ट करत पुढच्या पाळीची वाट बघत राहिला.

"आमच्या घरी बाबा आणि हरी ताटावर बसून भांडतात, मीठ कमी पडलं म्हणून," सुनंदा तिला म्हणाली. "हा बाहेर जाऊन बसला, वहिनी. याच्याशी संसार होईल."

बबनला हे कळलं तेव्हा तो आनंदाने लंगडत नाचला. कारण काहीही असो, मुलगी हो म्हणाली होती. बोलणी सुरू झाली. जनार्दनच्या वडिलांनी एक अट घातली. त्यांची मुलगी कमळ लग्नाची होती, तेव्हा सुनंदा त्यांच्या घरी आणि कमळ गोविंदकाकांच्या घरी, हरीला. याला साटंलोटं म्हणतात. दोन्ही घरांचा खर्च वाचतो आणि दोन्ही सुना नीट वागवल्या जातात, कारण दोघींची माहेरं एकमेकांच्या हातात असतात. हरीने कमळला बघितलं आणि त्याने जेवताना मिठाची तक्रार करणं बंद केलं, तेव्हा त्याचाही होकार समजायला हरकत नव्हती. तुळशीचं लग्न झाल्यावर दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. शिवणकाम सगळं माझ्याकडे होतं आणि त्यातला एकही ब्लाउज परत आला नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता शिंप्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे लोक येतात. नवरीचेही आणि नवऱ्याचेही, भाडेकरूही आणि मालकही. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, नाहीतर दुकान बंद करावं लागतं. कबड्डीतही तेच. आमच्या गावच्या निळ्या बनियन मी शिवायचो आणि खाडीकाठच्या गावाच्या पिवळ्याही मीच. हनुमान जयंती जवळ आली तशी आधी आमची मंडळी आली. निळ्या बनियन आणि हाफपँटी, सात गड्यांच्या, त्यात हरी तर होताच, आणि नवा जनार्दन. गुरुजी खुशीत होते. नंतर त्या गावची मंडळी आली. पिवळ्या बनियन आणि हाफपँटी, सात गड्यांच्या, त्यात जनार्दन तर होताच, आणि नवा हरी. तेही खुशीत होते.

आमच्या हुशार मंडळींनी महिनोन्‌महिने रिळं हलवली होती, पण साटंलोटं झालं की दोन्ही गावांना एकेक जावई मिळतो, ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. दोन्ही गावांना वाटत होतं, दोन्ही हिरे आपलेच. मला बोलायची सोय नव्हती. मी दोन माणसांसाठी चार बनियन आणि चार हाफपँटी शिवल्या. आसनाला सगळ्यांच्या दुहेरी शिलाई. धंद्यात भेदभाव करायचा नाही.

स्पर्धेच्या सकाळी दोन्ही घरांत काय घडलं ते नंतर कळलं. आमच्या गावात कमळने हरीची निळी बनियन बादलीत भिजत टाकली. खाडीकाठच्या गावात सुनंदाने जनार्दनची पिवळी बनियन बादलीत भिजत टाकली. दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं. प्रत्येकीला आपल्या नवऱ्याने आपल्या माहेराकडून खेळावं असं वाटत होतं आणि दोघींना एकच युक्ती सुचली. नवऱ्यांकडे एकेक कोरडी बनियन उरली, ती त्यांनी घातली.

मैदानावर हरी पिवळ्या बनियनमध्ये आला तेव्हा बबन आपल्या जागी मटकन खाली बसला. गुरुजी म्हणाले, हे नियमात बसत नाही. मग त्यांनी मनातल्या मनात नियम म्हणून बघितला आणि गप्प बसले. जनार्दन निळ्या बनियनमध्ये आला तेव्हा पलीकडच्या गावाचेही असेच मटकन बसले. एवढ्या खटपटीनंतर आम्ही एक गडी दिला होता आणि एक घेतला होता.

अंतिम सामना याच दोन गावांत झाला. सगळ्या सामन्यात हरी जनार्दनच्या वाटेला जात नव्हता आणि जनार्दन हरीच्या कोपऱ्याकडे फिरकत नव्हता. मेहुण्या-मेहुण्यांचा मान. बबन ओरडून ओरडून घामाघूम झाला होता. शेवटची चढाई आली तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाई आमची, जनार्दनची. एक गडी मारून परत आला की ढाल आमची, धरला गेला तर त्यांची. बबन माझा दंड धरून उभा होता.

जनार्दन आत गेला. उजवीकडे झुकून त्याने पायाच्या अंगठ्याने एकाला शिवलं आणि तो वळला. तेव्हा हरीतला खेळाडू जागा झाला आणि मेहुणा विसरला. त्याने घोट्यावर झेप घेतली. धूळ एवढी उडाली की पलीकडच्या पंचाला काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. जनार्दन आडवा पडला, हात लांबवला, मध्यरेषा वीतभर राहिली. तो मागे कशानेतरी ओढला जात होता. मग बाकीचे सगळे त्याच्या अंगावर पडले, त्याचा दम तुटला आणि शिट्टी वाजली. बाद.

बबन किंचाळत होता, "भांड, जनार्दन, पंचाशी भांड." आमचे सगळे गडी पंचाकडे धावले. जनार्दन उठला, अंगावरची माती झटकली आणि बाहेर जाऊन बसला. पाणी प्यायला. पलीकडे बायकांच्या घोळक्यात सुनंदा होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. ढाल खाडीकाठी परत गेली.

काही दिवसांनी जनार्दन तीच हाफपँट घेऊन दुकानात आला. नाडीची घडी उसवली होती. मी पँट हातात घेतली आणि उलटी केली. डाव्या पायाच्या काठाजवळ कापड एका बाजूला ओढून विस्कटलं होतं, पाच बोटांची मूठ जशी बसते तसं. ताण सरळ आसनापर्यंत गेला होता. आणि आसन शाबूत होतं. एक टाका सुटला नव्हता. साधी शिलाई असती तर पँट फाटली असती, हरीच्या हातात चिंधी राहिली असती आणि जनार्दनचा हात रेषेपलीकडे गेला असता. आयुष्यात इतकं चांगलं काम बघून इतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

लूम चालू होते. मी ओरडून विचारलं, हरीने पँट धरली होती का? त्याने मान डोलावली. मग पंचाला सांगितलं का नाही, मी विचारलं. नियमात नव्हतं ते, तू बाद नव्हतास. तो ओरडून सांगू लागला आणि वीज गेली. बाहेर टपरीवर बबन ड्युटी मधेच सोडून चहा पीत बसला होता, आणि जनार्दनचं वाक्य त्यालाही ऐकू गेलं.

"सुनंदा माझं तेच बघून हो म्हनली होती, मास्तर. ढालीसाठी भांडलो असतो, तर घरी काय तोंड दाखवलं असतं?"

बबनने ग्लास खाली ठेवला. लंगडत आत आला. जनार्दन उभा राहिला. मी पँट मागे घ्यायला गेलो, पण बबनने ती माझ्या हातून घेतली. विस्कटलेल्या कापडावर अंगठा फिरवला, मग आसनावर फिरवला. ढाल त्याच्या हातात आली होती आणि तिथून निसटली होती, हे त्याला आता कळलं होतं. त्याचे डोळे भरले. रहमतचाचाही दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू," बबन म्हणाला, "च्या घेतलात का न्हाय?"

चाचा न सांगता वळले. बबनने पँट टेबलावर ठेवली, जिथे खडूचं मैदान अजून पुसट दिसत होतं.

"मास्तर, पुढल्या खेपेला एकेरी मार. फाटली तर फाटली."

मी हो म्हटलं. पुढच्या हनुमान जयंतीच्या आधी पँटी गावात नेऊन दिल्या. बबनने वरची उचलली, आसनाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. शिलाई दुहेरीच होती. एकेरी मारायला मशीनवर बसलो होतो, पण हात वळेना. त्याने पँटी काखेत मारल्या, देवळाच्या दारात थांबून खिळ्याला नमस्कार केला आणि गड्यांना सरावाला हाक मारली.